तिसरी सही

"हॅडलम कॉलेजला या वर्षी आपल्या शाळेतून आणखी कोण अर्ज करतंय, तेवढंच सांगा फक्त," मिसेस थेयर म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या टेबलावरची कागदपत्रं बाजूला सारून एक रंगीत तक्ता पसरला. गेल्या सहा वर्षांत आमच्या शाळेतून कोण कुठल्या कॉलेजात गेलं, कोणाला नकार आला, सगळं त्यात होतं. प्रवेश मिळालेले हिरवे, नकार आलेले लाल. बाईंनी ही माहिती कुठून काढली ते मी विचारलं नाही. त्या शाळा समितीच्या अध्यक्ष होत्या.

"दुसऱ्या मुलांचं मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

"अहो, नाव कुठे मागतेय मी? मुलगा की मुलगी, एवढंच."

"नाही, मिसेस थेयर."

"बरं, तुम्ही बोलू नका. मी नाव घेते, तुम्ही फक्त मान हलवा," असं म्हणून त्या हसल्या.

शेजारी त्यांचा मुलगा बेनेट नखं कुरतडत बसला होता. पोरगा वाईट नव्हता. सतरा वर्षांचा, उंच, कायम अर्धवट झोपेत. त्याला स्वतःला कुठे जायचंय हे त्या खोलीत कोणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही.

मार्लफर्डच्या सरकारी शाळेत मला कौन्सेलर होऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती; मुलांचे कॉलेजचे अर्ज माझ्या हातून जायचे. ऑक्टोबर आला की माझ्या तोंडाची चव जायची. बाहेर झाडं लाल-पिवळी व्हायची, लोक गाड्या घेऊन ती बघायला यायचे आणि इथे माझ्या खोलीत आईबाप रांग लावायचे. एका बापानं विचारलं होतं की अमक्या कॉलेजच्या वाद्यवृंदात यंदा बासूनवाला नाही असं ऐकलंय, तर मुलीला आता तीन आठवड्यांत बासून शिकवता येईल का. एका आईनं आवाज खाली आणून विचारलं, आजीचा कॅन्सर निबंधात घालायचा की शिफारसपत्रात? कुठे जास्त चांगला बसेल? आजी तेव्हा जिवंत होती. बाहेर गाडीत बसली होती. असल्या गोष्टी ऐकायच्या, मान डोलवायची, दुपारी दार लावून अंड्याचं सँडविच खायचं आणि पुन्हा दार उघडायचं, हे माझं आयुष्य. मी शाळेत होते तेव्हा आमच्या कौन्सेलरनं माझ्याकडे न बघताच "नर्स किंवा शिक्षिका" म्हटलं होतं. आपण तसं करायचं नाही असं ठरवून मी या खुर्चीत बसले होते.

त्या काळी सह्या अजून कागदावर व्हायच्या. साधा अर्ज जानेवारीत जायचा आणि पाहिजे तितक्या कॉलेजांना जायचा. आगाऊ अर्ज मात्र एकाच कॉलेजला, एक नोव्हेंबरपर्यंत. प्रवेश मिळाला तर इथेच येईन, बाकी सगळीकडचं सोडून देईन, अशी लेखी हमी द्यायची. त्या हमीवर तीन सह्या लागायच्या. पहिली मुलाची, दुसरी पालकांची, तिसरी माझी. आपल्याकडेच यायला बांधून घेतलेली मुलं कॉलेजांना आवडतात, त्यामुळे अर्ध्या जागा आगाऊच भरायच्या. हॅडलमचं गणित सरळ होतं. आगाऊ अर्ज केला तर तिघांतल्या एकाला प्रवेश. जानेवारीत केला तर बारांतल्या एकाला. आणि आमच्या शाळेतून ते वर्षाला एकच मूल उचलायचे.

त्या वर्षी हॅडलमला आगाऊ अर्ज करणारी दोन मुलं होती. एक बेनेट थेयर. दुसरी लिडिया मेदेरोस.

लिडियाचा बाप आर्मांडो आमच्या शाळेचं हीटिंग सांभाळायचा. तळघरातला बॉयलर आणि खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर सगळे त्याच्या ताब्यात. मुलगी लहानपणापासून दगड गोळा करायची. हॅडलमच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना तिनं स्वतः पत्र लिहिलं होतं, आणि त्यांनी तिला एक दिवस बोलावून टेकडी फोडून काढलेल्या रस्त्याच्या कडेला उभं करून खडकाचे थर दाखवले होते. परत आल्यावर ती माझ्यासमोर बसून अर्धा तास बोलत होती. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण सव्वीस वर्षांत कॉलेजबद्दल असं बोलणारी मुलं मी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच पाहिली होती. बाकीची मुलं कॉलेजचं नाव सांगायची. ही तिथं जाऊन काय बघायचंय ते सांगत होती.

थेयरबाई गेल्या त्याच दिवशी दुपारी आमचा प्राचार्य डग रेनर कॉफीचा कागदी पेला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. शाळेत सगळे त्याला डगच म्हणत.

"रोझ, दोन मिनिटं आहेत का गं?"

"बस."

"मेदेरोसची मुलगी. हुशार आहे, कोण नाही म्हणतंय? पण तिला हॅडलमच कशाला पाहिजे?"

"तिला तिथे भूगर्भशास्त्र शिकायचंय."

"दगड काय, सगळीकडे असतात."

"तिचे गुण बेनेटपेक्षा चांगले आहेत, डग."

"म्हणून तर!" तो बोलून गेला आणि मग पेल्यात बघत राहिला. "म्हणजे कसं, एकाच शाळेतून दोन अर्ज शेजारी शेजारी गेले की ते लोक तुलना करणार. आपली मुलं एकमेकांच्या पायात यायला नकोत. कॉरिन थेयर किती करते शाळेसाठी, तुला माहितीय."

"मग मी काय करू? तिला नको म्हणून सांगू?"

"छे छे! खोटं अजिबात सांगू नकोस. फक्त बांधून घेण्याचं नीट समजावून दे. आगाऊ अर्ज म्हणजे एकच कॉलेज, त्यांनी फीसाठी जी मदत देऊ केली ती घ्यावी लागते, दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही. बिचाऱ्या कामगार माणसाला ते धोक्याचंच नाही का? हे खरंच आहे ना?"

खरंच होतं. तीच तर घाण होती. गरिबाघरच्या दहांपैकी सात मुलांना मी स्वतः हेच सांगायचे. पण लिडियाच्या बाबतीत ते लागू नव्हतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. सप्टेंबरमध्ये मी तिच्यासमोरच हॅडलमच्या मदत विभागाला फोन लावला होता. तिथल्या बाईंनी घरची मिळकत विचारून सांगितलं होतं की जवळजवळ सगळा खर्च कॉलेज उचलेल, आणि तसं झालं नाही तर हमीतून मोकळं करतील. काळजीचं काही कारण नव्हतं.

मला कोणी लाच दिली नाही. धमकी दिली नाही. माझ्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती, पण डगनं पेन्शनचा 'प'सुद्धा काढला नाही. त्यानं नुसतं गोड बोलून विचारलं आणि मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीतला रेडिएटर ठोके देत होता. हीटिंग सुरू केलं की पहिला आठवडा हा त्रास असायचाच. आर्मांडो गुडघ्यावर बसून पान्यानं त्यातली हवा काढत होता, खाली डब्यात काळं पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात तास संपवून लिडिया आली. तिच्या हातात तो हमीचा कागद होता.

"बरं झालं तू आलीस," आर्मांडो उठला, हात पँटला पुसले. "मिसेस गॅफनी, हा कागद. पोरीनं सही केलीय. माझी राहिलीय. मी म्हटलं, आधी तुम्हाला विचारू."

"बाबा, त्यांनीच तर दिलाय हा कागद," लिडिया म्हणाली.

"असू दे. विचारायला काय जातंय? आमच्याकडे सही म्हणजे सही, मिसेस गॅफनी. माझ्या बापानं आयुष्यात दोनदा सही केली. आमच्या बेटावरून अमेरिकेला यायच्या वेळी एकदा, आणि घर घेतलं तेव्हा एकदा. तुम्ही म्हणाल तसं. करू का?"

असा सरळ प्रश्न मला त्या खुर्चीत फार कमी वेळा विचारला गेला. करू का? मी हो म्हटलं असतं तर तो तिथल्या तिथे रेडिएटरवर कागद ठेवून सही करून मोकळा झाला असता.

"मी जरा विचार केला," मी म्हटलं. "तुम्ही एकाच ठिकाणी बांधून घेऊ नये असं मला वाटतं. जानेवारीत चार-पाच ठिकाणी पाठवू. कोण किती मदत देतंय ते बघून निवडता येईल."

लिडियाचा चेहरा एकदम उतरला. "पण सप्टेंबरमध्ये तुम्हीच तर फोन..."

"सप्टेंबरमध्ये मी घाईनं बोलले. फोनवरचं बोलणं म्हणजे लेखी नाही, लिडिया."

"पण जानेवारीत चान्स कमी होतो ना?"

"थोडासा," मी म्हटलं.

तिघांतल्या एकावरून बारांतल्या एकावर. थोडासा! हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला की मी आधीपासून घोकून ठेवला असावा.  लिडियानं कागद बापाकडे दिला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं, विचारलेलं बरं?" आर्मांडोनं कागदाच्या चार घड्या करून तो शर्टाच्या खिशात ठेवला. "तुमच्यासारखं माणूस इथे बसलंय, मिसेस गॅफनी, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोनं केलेला गोड पाव आणून दिला, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेला. मी तो खाल्ला. घरी जाऊन, लोणी लावून, दोन मोठे तुकडे. चांगला लागला. आजही मला त्या दोन तुकड्यांची शिसारी येते.

मग ऑक्टोबरची एकतीस तारीख आली, सोमवार. हॅलोवीन असल्यामुळे निम्मी शाळा सोंगं काढून आली होती. तिसऱ्या तासाला माझं दार वाजलं आणि एक साडेसहा फुटी केळं आत आलं. केळ्याच्या मधल्या भोकातून बेनेट थेयरचं झोपाळू तोंड बाहेर डोकावत होतं.

"मिसेस गॅफनी, इथे तुमची सही पाहिजे. आई म्हणाली आजच."

मी कागद पाहिला. हमीचाच कागद होता, पण हॅडलमचा नव्हता. दुसऱ्याच कॉलेजचा होता, ज्याचं नाव घेताना आयांच्या माना आपोआप ताठ होतात त्यांपैकी एकाचा.

"हॅडलमचं काय झालं?"

"शनिवारी बदललं. बाबांच्या ऑफिसातल्या कोणाची तरी तिथे ओळख निघाली. हॅडलम जानेवारीत टाकू म्हणाली आई. तिथे काय, होऊनच जाईल."

"आणि तुला काय पाहिजे, बेनेट?"

"मला?" त्यानं केळ्याच्या आत हात घालून खाजवलं. "मला झोप पाहिजे."

मी सही करून दिली. केळं दारात जरा अडकलं आणि मग आडवं होऊन बाहेर पडलं.

त्या क्षणी मी उठून लिडियाला वर्गातून बोलवायला हवं होतं. अजून सव्वा दिवस होता. तिचा निबंध तयार होता, शिक्षकांची पत्रं तयार होती, फक्त अर्जावरचा 'आगाऊ'चा चौकोन भरून उरलेल्या दोन सह्या करायच्या होत्या. पण बोलावून सांगायचं काय? आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, आता पुन्हा हो. का? मी दुपारभर दार लावून कारणं शोधत बसले. हॅडलमचा फोन आला म्हणून सांगावं. नियम बदलला म्हणून सांगावं. त्यांनी लेखी कळवलं म्हणावं. माझ्या वाचण्यात चूक झाली म्हणावं. चारही कारणं खपण्यासारखी होती. एकाच दुपारी चार कारणं! सव्वीस वर्षं मी आईबापांना नाक मुरडत होते, त्यांच्यातल्या कोणालाही एवढं जमलं नसतं. माझी मलाच इतकी किळस आली की मी ओव्हरकोट घेतला आणि घरी निघून गेले. लिडियाला बोलावलं नाहीच.

मंगळवारी, एक तारखेला, जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात उतरले. इतक्या वर्षांत तिथं पाय ठेवायची पहिलीच वेळ. आर्मांडो एका उलट्या बादलीवर बसून थर्मासमधलं कोबीच्या पानांचं सूप पीत होता. मला बघून गडबडीनं उभा राहिला.

"काय झालं? रेडिएटर परत?"

"नाही. आर्मांडो, मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"कशाबद्दल?"

मी सगळं सांगितलं. सप्टेंबरमधल्या फोनपासून ते तिघांतल्या एकापर्यंत, मधे न थांबता. थांबले असते तर चारांपैकी एखादं कारण तोंडातून निघालं असतं. बॉयलरच्या घरघरीत मला आवाज चढवून बोलावं लागत होतं, त्यामुळे ते आणखीच घाणेरडं ऐकू येत होतं.

आर्मांडोनं थर्मासचं झाकण लावलं. सावकाश, आटे नीट बसवून.

"थेयरबाईंनी सांगितलं असं करायला?"

"प्राचार्यांनी."

"आणि तुम्ही?"

"मी बघते म्हटलं."

"का पण?"

"माहीत नाही," मी म्हटलं. ते मात्र खरं होतं. "कोणी मोठ्या माणसानं नीट विचारलं की मी हो म्हणते. सवयच झालीय."

तो मान हलवत राहिला. "सोळा वर्षं मी तुमची खोली गरम करतोय," तो म्हणाला. "एकदा तरी म्हणालो का, आज नाही, उद्या बघू?"

"नाही."

"पोस्ट किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"पाच. आजचा शिक्का पडला पाहिजे."

त्यानं भिंतीवरच्या कपाटातून कोट काढला, कोटाच्या आतल्या खिशातून तो कागद काढला. चार घड्या तशाच होत्या. कागद टेबलावर न ठेवता त्यानं तो आधी माझ्या हातात दिला आणि नळाखाली हात धुतले. साबण लावून, नखांतला काळा रंग घासून, बराच वेळ. मग कामाच्या टेबलावरचा एक कोपरा फडक्यानं पुसून कागद तिथे पसरला आणि एकेक अक्षर काढत सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"आता तुमची."

मी तिथेच वाकून सही केली. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"लिडियाला मी बोलावते वर," मी म्हटलं. "तिला सगळं खरं सांगते. तिची माफी..."

"तुम्ही काही बोलायचं नाही." त्याचा आवाज चढला नव्हता. "तिला काय सांगायचं ते मी ठरवीन. तिला वाटतं, मन लावून अभ्यास केला की इथली माणसं आपल्याकडे बघतात. इथून जाईपर्यंत वाटू दे तिला."

अडीच वाजता मी खिडकीतून पाहिलं. आर्मांडोची जुनी पिक-अप शाळेच्या फाटकातून बाहेर पडत होती. शेजारी लिडिया बसली होती, मांडीवर तपकिरी पाकीट.

डिसेंबरच्या मध्याला निकाल आले. बेनेटला त्या ताठ मानेच्या कॉलेजनं नकार दिला. ओळख कामी आली नव्हती. थेयरबाई डगच्या खोलीत तासभर होत्या आणि त्यांचा आवाज माझ्या भिंतीतून येत होता. हॅडलमला या शाळेतून दुसरं कोणीतरी गेलंय ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्या गेल्यावर डग माझ्याकडे आला. या खेपेला हातात कॉफी नव्हती.

"तू त्या मुलीला समजावणार होतीस ना?"

"समजावलं."

"मग?"

"मग परत समजावलं."

 मी वाट बघत होते, आता काहीतरी होईल. त्यानं खांदे उडवले आणि निघून गेला. बस्स. पेन्शनला हात लागला नाही, खोली बदलली नाही, ख्रिसमसच्या पार्टीला बोलावणं आलं नाही एवढंच. इतक्यालाच मी इतकी वर्षं भीत आले होते, आणि इतक्यासाठी आधी किती लिडियांना 'थोडासा' म्हटलं असेल याचा हिशेब करायचं मी टाळलं.

लिडिया आली ती धावतच. अंगात कोट, गळ्यात अर्धवट गुंडाळलेला मफलर आणि हातात जाड पाकीट. जाड पाकीट म्हणजे प्रवेश, हे त्या काळी शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं टेबलाला वळसा घालून मला सरळ मिठीच मारली.

"झालं, मिसेस गॅफनी! सगळा खर्च देतायत! सगळा!"

"शाबास," मी म्हटलं.

"बाबांनी सांगितलं मला. तुम्हाला चैन पडेना म्हणून तुम्ही परत हॅडलमला फोन केलात, लेखी द्या म्हणून त्यांच्या मागे लागलात, आणि मग शेवटच्या दिवशी स्वतः खाली तळघरात आलात. सूपही संपवू दिलं नाहीत म्हणाले!" ती हसत होती आणि रडत होती.

तिच्या खांद्यावरून मी दाराकडे पाहिलं. आर्मांडो कामाच्या कपड्यांत उभा होता, टोपी हातात धरून. मला वाटलं तो नजर खाली घालेल. त्यानं घातली नाही.

"अगं, नुसती गळ्यात काय पडतेस," तो लेकीला म्हणाला. "नीट आभार मान त्यांचे. त्यांनी केलं म्हणून झालं."

लिडिया बाजूला झाली. मफलरनं डोळे पुसले, सरळ उभी राहिली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "थँक्यू, मिसेस गॅफनी. मी कधी विसरणार नाही."

 आर्मांडो तसाच उभा होता. बाहेर घंटा झाली, मुलं त्याच्या मागून ये-जा करू लागली, पण तो बाजूला सरला नाही.

"असू दे, लिडिया," मी शेवटी म्हटलं. "तुझ्यासाठी केलं."

तेव्हा त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि लेकीला घेऊन निघून गेला.